तवंग गेला, पण पाण्यात तेल उरलंय का? तपासणी अशी होते

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रामधलं तेल सांडलं, तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आला आणि मासळीला गिऱ्हाईक मिळेना. तवंग डोळ्यांना दिसतो. तो गेल्यावरही थोडं तेल पाण्यात विरलेलं राहतं, ते मात्र दिसत नाही. मग पाणी साफ झालं हे ठरवायचं कसं?

यासाठीची एक पद्धत म्हणजे फ्लुरोसन्स, मराठीत प्रतिदीप्ती. शब्द अवघड, गोष्ट ओळखीची. दुकानदार नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले धागे चमकतात ना, तेच हे. खनिज तेलातल्या काही घटकांवर अतिनील किरण टाकले की ते स्वतःचा वेगळा प्रकाश बाहेर टाकतात. तेल जास्त, तर चमक जास्त.

पाणी साधारण एक मीटर खोलीवरून, गडद काचेच्या बाटलीत घेतात. प्लास्टिकची बाटली चालत नाही, तेल तिला आतून चिकटतं. उन्हानेही हे घटक मोडतात, म्हणून काच गडद. मग त्यात हेक्झेन हे द्रावक घालून जोरात हलवतात. तेल पाणी सोडून हेक्झेनमध्ये जातं. त्यावर ३१० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि ३६० नॅनोमीटरला किती चमक येते ते यंत्राने मोजायचं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम तेलसुद्धा यात सापडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम तेल!

अहवाल हाती आला तर आकड्याआधी हे बघा, की तुलना कशाशी केली आहे. सगळी तेलं सारखी चमकत नाहीत. म्हणून माप म्हणून एखादं कच्चं तेल किंवा क्रायसीन हे रसायन घेतात. माप बदललं की आकडा बदलतो. दोन अहवालांची मापं वेगळी असतील तर ‘प्रदूषण घटलं’ म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

तेल कुठल्या जहाजाचं, हे नुसती चमक खात्रीने सांगू शकत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. भरपाईचा दावा करायचा असेल तर ती तपासणी मागा. मासळी खाण्याजोगी आहे का, हेही पाण्यावरून ठरत नाही, माशाचं मांस वेगळं तपासावं लागतं.

पावसाळ्यात वाळूत डांबराचे गोळे दिसले तर उघड्या हाताने उचलू नका. नमुना द्यायचा असेल तर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, वर तारीख, वेळ, जागा लिहा आणि उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.