आईने लेकीला सांगावे असे काही

आपल्या घरांत दुखण्यांविषयी बोलण्यास सहसा कोणी कचरत नाही. सांधेदुखी, मधुमेह, रक्तदाब यांच्या कहाण्या हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत मोकळेपणाने चालतात. एका दुखण्याचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो, तरुण मुलींना काहीतरी निमित्त काढून आत पाठविले जाते आणि "तिच्या पिशवीचं काहीतरी निघालं" एवढ्यावरच वाक्य थांबते. हे दुखणे म्हणजे गर्भाशयमुखाचा, बोलीभाषेत पिशवीच्या तोंडाचा, कर्करोग.

भारतीय स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाखालोखाल हाच कर्करोग आढळतो. २०२२ या एका वर्षात देशात त्याचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बहुतेक कर्करोगांविषयी जे म्हणता येत नाही ते याच्याविषयी म्हणता येते, आणि म्हणूनच हे आकडे अधिक बोचतात : हा रोग बव्हंशी टाळता येतो. तो टाळण्याचे उपाय ज्ञात आहेत, आपल्या देशात उपलब्धही आहेत. परंतु घराच्या दारातच संकोच उभा असल्यामुळे ते आत येऊ शकत नाहीत.

या रोगाचे मूळ एका विषाणूत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३-८४ मध्ये 'ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस', म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या १६ व १८ क्रमांकाच्या जाती या कर्करोगात शोधून काढल्या. या कार्यासाठी त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप हुसकावून लावते. क्वचित मात्र तो मुक्काम ठोकतो आणि गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बिघाड घडवितो. त्यातून कर्करोग होण्यास साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. ही दीर्घ मुदत म्हणजेच आपल्याला मिळालेली सवड होय. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी लस, आणि पेशी बिघडू लागल्या तरी रोग होण्यापूर्वी तपासणी, असे दोन पहारे या वाटेवर बसविता येतात.

मग ते बसविले का जात नाहीत? तरुण मुलींच्या आणि त्यांच्या आयांच्या मनांत तीन समजुती घर करून असतात. पहिली अशी : "माझे अजून लग्न व्हायचे आहे, माझा याच्याशी काय संबंध?" वस्तुतः लसीचा सर्वाधिक लाभ विषाणूशी संबंध येण्यापूर्वीच होतो. म्हणून ९ ते १४ हे तिचे उत्तम वय मानले आहे. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी ही लस घेतलेल्या मुलींत पुढे या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

दुसरी समजूत रोगाचा संबंध चारित्र्याशी जोडणारी. तिची पाळेमुळे जुनी आहेत. १८४२ साली इटलीतील व्हेरोनाच्या रिगोनी-स्टर्न या वैद्यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासून दाखविले की, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक आणि ख्रिस्ती मठवासिनींत क्वचित आढळतो. निरीक्षण वैद्यकाचे होते. लोकांनी मात्र अशा गोष्टींतून नीतीचा निवाडा काढला. खरे पाहता हा विषाणू इतका सर्वत्र पसरलेला आहे की, संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होऊन जातो. जन्मभर एकनिष्ठ राहिलेल्या गृहिणीलाही तो पतीकडून येऊ शकतो, आणि कित्येक वर्षे त्याची चाहूलही लागत नाही. अशा स्त्रीकडे संशयाने पाहणे हा अन्याय आहे. त्या भयाने ती तपासणी टाळते, हा दुसरा अन्याय.

तिसरी समजूत म्हणजे, लस टोचली की मुलीला मोकळीक मिळाल्यासारखे होईल. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत लस घेतलेल्या मुलींच्या वागणुकीत असा फरक आढळलेला नाही. धनुर्वाताची लस घेतली म्हणून कोणी गंजलेल्या खिळ्यावर पाय ठेवावयास जात नाही.

बडोदे आणि हैदराबाद या बाजूंच्या वाचकांना आणखी एक प्रकरण आठवत असेल. २००९ साली गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या, खम्मम जिल्ह्यात 'पाथ' या अमेरिकन संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने १० ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लसीकरणाचा प्रकल्प राबविला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. बुडणे, सर्पदंश, हिवताप अशी कारणे पुढे आली. परंतु एक दोष निर्विवाद ठरला. अनेक मुलींच्या बाबतीत पालकांना विचारण्याऐवजी वसतिगृहाच्या वा शाळेच्या प्रमुखांच्याच सह्या घेतल्या गेल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या पालकांचा राग रास्त होता. मुलीच्या अंगात सुई टोचली जावी आणि ती कशासाठी हे आईबापांना ठाऊक नसावे, हे कोण सहन करील? त्या प्रकरणाने लसीविषयी भय मागे ठेवले. आपण त्यातून घ्यावयाचा धडा मात्र आधी सांगण्याचा व समजावण्याचा आहे.

समजावून सांगितले तर काय घडते, याचे उदाहरणही दूरचे नाही. एके काळी हैदराबाद संस्थानात असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात २००० सालच्या सुमारास ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. खेड्यापाड्यांतील, शेतावर राबणाऱ्या, पुष्कळशा निरक्षर अशा या स्त्रिया. तरी घरोघर जाऊन समजाविल्यावर त्या तपासणीला आल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली गेली त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

याउलट, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी एकदा तरी केलेल्या स्त्रिया १.९ टक्के, म्हणजे शंभरात दोनही नव्हत्या. यात सुशिक्षित घरेही आली, आणि आपली घरेही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबात संकोचाला भाषेचीही जोड मिळते. आजी 'अंगावरून जाते' म्हणते, आई 'पिशवी' म्हणते, मुलगी शाळेत इंग्रजी शब्द शिकून येते, आणि डॉक्टरांपुढे सारे गुजराती, हिंदी वा कानडीत सांगावे लागते. ज्या गोष्टीला घरात शब्द नाही, ती दवाखान्यात ओठांवर कशी येणार? वास्तविक मराठीला या विषयाचे वावडे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून लैंगिक आरोग्याची चर्चा शुद्ध मराठीत केली. त्यासाठी त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ज्या भाषेसाठी हे सोसले गेले, त्या भाषेत आपल्याला मुलीशी चार वाक्ये बोलता यावीत.

ती वाक्ये साधी आहेत. पाळीविषयी सांगताना, त्याच ओघात, या रोगाची एक लस असते आणि ती लहान वयात घ्यावी हे सांगावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. मात्रा किती घ्याव्या हे वयावर अवलंबून असते. ते डॉक्टरांना विचारावे. विशीतील मुलीने आपली वेळ गेली असे समजू नये. लाभ कमी झाला तरी संपत नाही. तिशीनंतर लस घेतलेल्या स्त्रीनेही तपासणी करावी, कारण लस विषाणूच्या सर्व जातींना रोखत नाही. सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख पाहण्याची, पेशींच्या चाचणीची अथवा एचपीव्हीची, यांपैकी कोणतीही तपासणी थोड्या वेळात होते. दोन पाळ्यांमध्ये, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, अथवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर वय न पाहता त्वरित डॉक्टर गाठावा. आणि अविवाहित मुलीने यांतले काही विचारले, तर "तुला हे कशाला हवे?" असा उलट प्रश्न करू नये. तो प्रश्न एकदा कानी पडला की ती पुन्हा आईजवळ येत नाही.

मुलग्यांनाही हे कळावे. विषाणू त्यांच्यामार्फतही पसरतो. उद्या पत्नीला तपासणीस घेऊन जाणारे तेच असतील.

लेकीच्या लग्नासाठी आपण तिच्या जन्मापासून पैपै साठवितो. तिला पुढे निरोगी संसार करता यावा म्हणून तिच्याशी अर्धा तास बोलणे ही त्याच तरतुदीतली गोष्ट आहे. येत्या रविवारी दुपारी, घरात निवांतपणा असताना, ते बोलणे करून टाकावे. आणि तिची तारीख ठरविताना आईने स्वतःच्या तपासणीचीही तारीख ठरवावी.