अर्ध्या तासाचा जमाखर्च

कामावर असताना ध्यान लागलं तर काय किंमत मोजावी लागते, हे आमच्या धाराशिव जिल्ह्याला कुणी सांगायला नको. तेरचा गोरा कुंभार चिखल तुडवत होता, मुखी विठ्ठलाचं नाम होतं, आणि स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं तरी त्याला कळलं नाही. पुढे पांडुरंगानं मूल परत दिलं, असं कथा सांगते. पण कीर्तनाला बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावतात त्या मूल परत मिळताना नव्हे, चिखलाच्या प्रसंगाला.

अलीकडे कार्यालयांतून ध्यानाचे वर्ग भरतात. शिकवायला येणारी मंडळी बहुधा सेवाभावी असतात आणि साहेबांना पहिल्याच भेटीत सांगतात : अर्धा तास द्या, खर्च काही नाही. या ‘खर्च काही नाही’चा मागोवा घ्यावा, असं बरेच दिवस मनात होतं. कारण गेल्या पाऊणशे वर्षांत कचेरीत ध्यान आलं, त्याचे शासननिर्णय निघाले, मोबाईलवर ॲप आलं. पण बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं, हे सहसा कुणी पाहिलं नाही.

तसं ध्यान फुकट कधीच नव्हतं. धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात लेणी आहेत. त्यातल्या दुसऱ्या लेण्यात मोठा सभामंडप, त्याच्या कडेनं साधकांच्या खोल्या आणि गाभाऱ्यात ध्यानस्थ मूर्ती आहे. लेणी मूळ बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासक वाद घालतात; आपल्या मुद्द्याला त्यानं फरक पडत नाही. खडकात खोली खोदायची तर पाथरवटाला मजुरी द्यावी लागते आणि आत बसणाऱ्याच्या जेवणाची सोय कुणाला तरी करावी लागते. त्या काळी समाजानं ते मान्य केलं होतं. डोळे मिटून बसणाऱ्याचा खर्च डोळे उघडे ठेवून काम करणाऱ्यांनी उचलायचा, असा तो उघड व्यवहार होता.

कचेरीतल्या ध्यानाची गोष्ट सुरू होते ती एका हिशेबनिसापासून, आणि हा योगायोग मला फार आवडतो. सयाजी ऊ बा खिन हे तरुणपणी रंगूनच्या महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून लागले. 1937 मध्ये ते विपश्यना शिकले. 1948 च्या जानेवारीत ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले. 1950 साली त्यांनी आपल्या कार्यालयातल्या लोकांसाठी विपश्यनेचा संघ स्थापन केला आणि 1952 मध्ये रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभं राहिलं. देशाच्या पैपैचा हिशेब तपासणाऱ्या माणसानं आपल्या हाताखालच्या कारकुनांना श्वासाकडे पाहायला बसवलं. मुख्य म्हणजे, तो स्वतः त्यांच्याबरोबर बसत होता.

त्यांच्याकडेच 1955 मध्ये सत्यनारायण गोएंका आले. ते मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योजक होते आणि अर्धशिशीनं बेजार झालेले. 1969 साली ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि 1976 मध्ये इगतपुरीला ‘धम्मगिरी’ सुरू झालं. तिथला नियम आजही तोच आहे. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, राहणं-जेवणसुद्धा मोफत. दान घेतात तेही एखादं शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच, नवख्याकडून नाही. थोडक्यात, आपण बसतो त्याचा खर्च आपल्या आधी बसून गेलेल्यांनी दिलेला असतो. हिशेब इतका स्वच्छ ठेवणाऱ्या संस्था थोड्या.

पण संस्थेनं शुल्क घेतलं नाही, म्हणजे शिबिर फुकट झालं असं नाही. इथून पुढे खातं सरकारकडे आणि कर्मचाऱ्याकडे येतं.

महाराष्ट्र शासनानं आपल्या अधिकाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी 14 दिवसांपर्यंत परावर्तित रजा घेण्याची मुभा दिली, तेव्हा तिचं मोठं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. शिबिर दहा दिवसांचं म्हटलं तरी आदल्या दिवशी पोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. धाराशिवहून इगतपुरीला जायचं-यायचं धरलं की दोन आठवडे जातातच. म्हणजे 14 हा आकडा काढणाऱ्यानं प्रवासाचा विचार केलेला दिसतो.

मात्र ज्यानं कधी आस्थापनेचं टेबल सांभाळलंय, त्याला ‘परावर्तित’ या शब्दापाशी थबकावं लागेल. ही रजा सरकार वरून देत नाही. कर्मचाऱ्याच्या खात्यात वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. तीच दुप्पट दिवस वजा करून पूर्ण पगारी करून मिळते. म्हणजे 14 दिवस इगतपुरीला काढले की सेवापुस्तकात 28 दिवस वजा. जवळजवळ दीड वर्षाची शिल्लक. ती रजा माणूस आजारपणासाठी राखून ठेवत असतो. उद्या बायपास निघाली, आईला अर्धांगवायू झाला, तर कामी येणारी. सरकारचा वाटा नाही असं नाही : 14 दिवसांचा पूर्ण पगार आणि मोकळ्या खुर्चीचं काम. पण त्या औदार्याचा निम्म्याहून मोठा हप्ता कर्मचाऱ्यानंच भरलेला असतो, आणि आपण सवलत घेतली असं तोच सांगत फिरतो. सवलत खरीच आहे. नाहीतर परावर्तित रजेला सहसा वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. मन थकलंय हे कारण सरकारी कागदावर आजाराचा दाखला न जोडता मान्य झालं, ही लहान गोष्ट नव्हे. पण पुढचं पाऊल पडलं नाही. ध्यानासाठी दिलेला वेळ कर्तव्यकाळ धरायचा की खासगी, याचं उत्तर त्या कागदानं ‘खासगी’ असंच दिलं.

शाळांत हाच हिशेब वेगळ्या रीतीनं मिटला. ‘मित्र उपक्रम’ आला, मुलांनी रोज दहा मिनिटं आनापान करायचं, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे पाहायचं, असं ठरलं. ही दहा मिनिटं शाळेच्या वेळेतली होती. गुरुजीही मुलांबरोबर डोळे मिटत. कुणाची रजा गेली नाही. एरवी अनेक बाबतीत आपण शाळेला नावं ठेवतो. इथं मात्र कचेरीनं शाळेकडून शिकायला हवं होतं.

21 जून 2015 ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाला आणि ध्यान वर्षातून एका सकाळी सगळ्या कार्यालयांच्या दारात येऊन उभं राहिलं. पाठोपाठ ‘वाय-ब्रेक’ आला : मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेच्या पुढाकारानं बसवलेला पाच मिनिटांचा क्रम. थोडी आसनं, थोडा प्राणायाम, शेवटी ध्यान, सगळं खुर्चीजवळच. 2021 च्या सप्टेंबरमध्ये त्याचं ॲप आलं आणि केंद्र सरकारच्या खात्यांना ते वापरण्याचं आवाहन झालं. 1950 मधला महालेखापाल आपल्या माणसांबरोबर बसायचा. 2021 मध्ये फोन बसा म्हणायला लागला. दहा दिवसांवरून पाच मिनिटांवर आलो, तसा खर्चही आटला. पण पाच मिनिटं डोळे मिटून उघडावेत तर समोर तेच टेबल आणि तीच चळत.

आता जरा अर्ध्या तासाचा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. चाळीस माणसांचं कार्यालय, सरासरी पगार 44,000 रुपये. महिन्याला 22 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 176 तास. तासाला 250 रुपये पडले. अर्ध्या तासाचे 125, चाळीस माणसांचे 5,000. आठवड्यातून दोनदा वर्ग आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर पाच लाख. शिकवणाऱ्यानं एक रुपया घेतला नाही तरी हे पाच लाख आहेतच. खासगी कंपनीतला मालक हे गणित तोंडी करतो, म्हणून तो वर्ग सकाळी कामाच्या आधी नाहीतर संध्याकाळी सुट्टीनंतर ठेवतो. मग तेच पाच लाख कामगार आपल्या झोपेतून, स्वयंपाकातून, पोरांच्या अभ्यासातून भरतो. अर्धा तास कुठंतरी जातोच. तो कोणत्या खिशातून जातो, एवढाच प्रश्न.

याच जिल्ह्यातल्या एका कार्यालयात मी असा वर्ग पाहिला आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि राज्य सरकारी कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शिपायांची मात्र साडेनऊ ते साडेसहा. वर्ग जेवणाच्या सुट्टीत होता. शिपायानं सतरंज्या अंथरल्या, पंखे लावले, पायताणं नीट लावून ठेवली आणि दाराबाहेर स्टुलावर बसला, कारण साहेबांनी ‘आत कुणाला सोडू नको’ म्हणून बजावलं होतं. आत संथ आवाजात ‘सगळे विचार सोडून द्या’ चाललेलं. बाहेर भूमहून सातबाऱ्याच्या कामाला आलेले एक म्हातारबाबा शिपायाला विचारत होते, “साहेब जेवायला गेलेत का?” शिपायानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “न्हाई बाबा, आतच हायती. पण डोळे मिटल्यात.” म्हातारबाबांनी मान डोलावली आणि भिंतीला टेकून त्यांनीही डोळे मिटले. वर्ग सुटल्यावर अर्ध्या लोकांनी डबा टेबलावर उघडून फाईल पुढं ओढली. त्या दिवशीचा खर्च तिघांनी भरला : डब्यानं, शिपायानं आणि भूमच्या बाबांनी. तिघांचंही नाव नोंदवहीत नव्हतं.

दाराबाहेरच्यांची यादी मोठी आहे. कंत्राटी डाटा ऑपरेटर एक दिवस आला नाही तर त्याचा दिवस कापला जातो. त्याला परावर्तित करायला रजाच नाही. वस्तीची गाडी घेऊन गेलेला एसटीचा चालक रात्री बसमध्येच पाठ टेकतो आणि पहाटे पहिली फेरी काढतो. त्याला ध्यानाच्या आधी झोपेची आणि स्वच्छ संडासाची गरज आहे. आणि आशाताई. 2015 मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, ते यवतमाळबरोबर आमच्याच जिल्ह्यात. त्याच वर्षी 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. त्यातही आम्ही होतो. घरोघर जाऊन शेतकऱ्याला झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे विचारायचं काम आशांकडे आलं. दुसऱ्याच्या मनाचा भार मोजणारी ही बाई सरकारी भाषेत कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी कुठं ध्यानवर्ग मागितला नव्हता. वाढीव मोबदला मागितला होता.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं, की नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात. हा आकडा ध्यानाचे वर्ग विकणारे तळहातावर घेऊन फिरतात. पण त्याच संघटनेचा आग्रह कामाची रचना सुधारण्यावरही आहे, तो भाग ते सांगत नाहीत. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ध्यान, ताणनियंत्रणाचे वर्ग, ॲप अशा वैयक्तिक उपायांत भाग घेतलेले लोक, न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुखी आढळले नाहीत. यावरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. इगतपुरीहून आलेली, रागावर ताबा मिळवलेली माणसं मी पाहिली आहेत. निरुपयोगी ठरतं ते कामाचा ढीग तसाच ठेवून त्यावर अंथरलेली सतरंजी.

या जिल्ह्याला विश्रांतीचं शास्त्र नवं नाही. तुळजापूरची भवानी नवरात्राआधी निद्रा घेते, नऊ दिवस युद्ध करते, दसऱ्याला सीमोल्लंघन करते आणि मग पौर्णिमेपर्यंत पलंगावर पुन्हा निद्रा घेते. या दुसऱ्या निद्रेचं नावच श्रमनिद्रा आहे. काम झालं, श्रम झाले, म्हणून विश्रांती. आणि ती देवीच्या वार्षिक कुळाचारातच धरलेली, वेगळा अर्ज करून मागितलेली नाही. पलंगाचा मान, पालखीचा मान, पुजाऱ्यांच्या पाळ्या, सगळं ठरलेलं. देवीच्या विश्रांतीचा खर्च कोण करतो, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं आहे.

म्हणून ज्यांच्या सहीनं असे वर्ग मंजूर होतात, त्यांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी ‘खर्च काही नाही’ असं टिपण समोर आलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. अर्धा तास कामाच्या वेळेतला आहे की डब्याच्या? त्या वेळेत आलेल्या माणसाला कोण भेटणार? आणि सतरंजी अंथरणारा सतरंजीवर कधी बसणार? तिन्हींची उत्तरं टिपणात आली की खुशाल सही करा, आणि महालेखापालांसारखं स्वतःही खाली बसा.