पांढरी काठी आणि खिशातला नकाशा

पनवेल स्टेशनातून बाहेर पडताना पहिला प्रश्न बाजूचा: पूर्वेला नवीन पनवेल, पश्चिमेला जुनं शहर. म्हणून वाट दाखवणारं अ‍ॅप निवडताना आधी हे तपासा, की आपलं तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगतं का. नुसतं ‘उजवीकडे वळा’ अंध पादचाऱ्याला पुरत नाही.

गूगल मॅप्स, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरसोबत चालतं. लाझारिलो मोफत आहे. वाटेतली ठिकाणं बोलून दाखवतं. ब्लाइंडस्क्वेअर आयफोनवर, विकत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेलं साउंडस्केप २०२३ मध्ये बंद केलं, पण त्याच्या खुल्या कोडवर बेतलेलं व्हॉइसव्हिस्टा आयफोनवर मिळतं. ठिकाण ज्या दिशेला, त्याच दिशेने कानात आवाज येतो, ही त्याची खरी ताकद.

मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस साधारण ५ मीटर चुकतं. म्हणजे आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहोत, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. उड्डाणपुलाखाली चूक आणखी वाढते. उघडं गटार, फुटपाथवर लावलेली दुचाकी त्याला कळत नाही. तिथे काठीच हवी. हेडफोन कान झाकणारे नकोत, हाडांतून आवाज पोचवणारे घ्या. मागून येणारी रिक्षा ऐकू आलीच पाहिजे.