दान दाखवावे, पण कुणाचे?

या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, असे आपल्याकडे दानाबद्दल सांगितले जाते. पाळले मात्र ते क्वचितच गेले. देवळाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या भिंतीवर, पाणपोईच्या माथ्यावर नाव कोरण्याची हौस आपल्याला जुनीच आहे. शाळेच्या वर्गात तर पंख्याच्या पात्यांवरही 'अमुक यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरे गरगरत असतात. आता संगमरवराची जागा पडद्याने घेतली आहे. मोठ्या कंपन्या शिक्षणासाठी दिलेल्या पैशाच्या चित्रफिती काढतात, कार्यालयाच्या दर्शनी भागात प्रदर्शने मांडतात, बोट टेकवले की शाळेचा फोटो उघडेल असे पडदे बसवतात. हे सारे दाखवूच नये असे मुळीच नाही. चांगले काम चार लोकांना कळले तर पाचवाही पुढे येतो. प्रश्न एवढाच, की त्या पडद्यावर मध्यभागी असते कोण?

हा प्रश्न ताडून पाहायला गोंदियासारखी जागा नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्यांना तांदळासाठी, नागझिऱ्याच्या जंगलासाठी आणि सारस पक्ष्यांसाठी ठाऊक असतो. पण इथल्या शिक्षणाची एक मोठी वाट तेंदूच्या पानावरून गेली आहे. बिडीच्या व्यवसायात मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेची 'डी. बी. सायन्स' आणि 'एन. एम. डी.' ही कॉलेजे आज तिथल्या घराघरांत आद्याक्षरांनीच ओळखली जातात. मनोहरभाई १९७० साली गेले. ९ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याची प्रथा संस्थेने चालवली आहे. त्या काळी कंपन्यांनी नफ्यातून असे काही करावे, अशी कायद्याची सक्ती नव्हती. दाखवायला चित्रफीतही नव्हती. गावातून शिकून बाहेर पडलेला मुलगा हीच काय ती जाहिरात.

पण बिडीच्या पैशाला आणखी एक बाजू आहे. ऐन उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने खुडायची, त्यांचे पुडके बांधायचे, ही कामे करणारे हात वेगळे. मांडीवर सूप घेऊन पान कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा, हे करणारे हात वेगळे, आणि ते बहुतेक बायकांचे. मजुरी मोजली जाते ती हजार बिड्यांमागे. १९७६ च्या कायद्याने बिडीवर उपकर बसला. त्यातून कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला आणि त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर संपला. म्हणजे एकाच बिडीतून शिक्षणाकडे दोन झरे गेले. एक मालकाच्या औदार्याचा, दुसरा कामगारांच्या हक्काचा. पहिल्याची कोनशिला आहे, दुसऱ्याची कुठेच नाही.

पुढे औदार्याला कायद्याची जोड मिळाली. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ते सांगते. शिक्षण हा त्यातला एक मोठा विषय. खर्च करायचा म्हटल्यावर तो दाखवणे आले आणि दाखवायचे म्हटल्यावर चित्रफीत आली.

अशा फितींचा आता एक साचाच ठरून गेला आहे. आधी पडकी भिंत, अनवाणी पाय, केविलवाणा चेहरा. मग संगीत बदलते, फीत कापली जाते, भिंत रंगते, पाठीवर नवे दप्तर येते आणि चेहरा हसू लागतो. चार मिनिटांत गरिबी संपते! प्रत्यक्षात तिथून पुढेच खरी गोष्ट सुरू होते. संगणक बिघडला तर तो दुरुस्त कोण करते? प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? सातवीतली मुलगी दहावीपर्यंत टिकली का? हे फितीत येत नाही, कारण छायाचित्रकार उद्घाटनाच्या दिवशी येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मागे राहते ते मूल, पडद्यावर कायमचे 'गरीब मूल' होऊन. उद्या तेच मूल शिकून त्याच कंपनीत मुलाखतीला गेले आणि बाहेरच्या दालनात तीच फीत चालू असली, तर त्याने कोणत्या तोंडाने आत जावे?

गंमत अशी, की कायदा या बाबतीत छायाचित्रकाराहून शहाणा निघाला. जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार, ज्या कंपन्यांवरचे हे दायित्व सरासरी दहा कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनी एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. तोही प्रकल्प पूर्ण होऊन किमान वर्ष उलटल्यावर. चित्रफितीनेही तेवढा धीर धरायला काय हरकत आहे?

हात लावून पाहण्याच्या प्रदर्शनांची गोष्ट थोडी निराळी. कोलकात्यात बिर्लांनी आपली वास्तू दिली आणि १९५९ साली तिथे उद्योग व तंत्रज्ञानाचे संग्रहालय उघडले. १९६५ पासून त्याच संग्रहालयाची प्रदर्शने गाडीत बसून गावोगाव जाऊ लागली. नाव दात्याचे राहिले, पण आत शिरलेले मूल कळ दाबते ते विज्ञान समजून घेण्यासाठी. दात्याची थोरवी ऐकण्यासाठी नव्हे. नागपुरात १९९२ साली सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

खुद्द गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला अदानी समूहाचे ३,३०० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. समूहाच्या फाउंडेशनचा 'उडान' हा उपक्रम शाळकरी मुलांना अशी केंद्रे आतून दाखवतो. खेड्यातल्या मुलाने घरातला दिवा कुठून पेटतो हे डोळ्यांनी पाहावे, ही चांगलीच गोष्ट. पण केंद्र कोळशावर चालते. मुलाने राखेचे काय होते असे विचारले, तर त्यालाही तितकेच नीट उत्तर मिळायला हवे. याच समूहातल्या एका कंपनीच्या पैशातून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मार्च २०२४ मध्ये ऊर्जेवरचे दालन उघडले. दालनाला कंपनीचे नाव आहे. या प्रायोजकत्वावरून २०२१ मध्येच संग्रहालयाच्या दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले होते. पैसा कुठून आला हे विचारणारे लोक तिथेही आहेत, आणि तसे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

मग गोंदियात असे प्रदर्शन मांडायचे झाले तर ते कसे असावे? दारातच एक सूप, कात्री आणि तेंदूचे पान ठेवावे. येणाऱ्याने एक बिडी वळून पाहावी आणि अशा हजार वळल्यावर मजुरी मोजली जाते, हे त्याला कळावे. शेजारी १९५८ ची हकीकत असावी, पूर्ण मानाने. पुढे माजी विद्यार्थ्यांचे आवाज असावेत, मराठीत, पोवारीत, गोंडीत. आपण काय शिकलो आणि काय राहून गेले, ते त्यांनीच सांगावे. एका पडद्यावर शिक्षकांना बोलू द्यावे. आणि एक कळ फसलेल्या कामांची असावी. जी कंपनी ती कळ ठेवील, तिच्या उरलेल्या सगळ्या कळांवर लोक विश्वास ठेवतील.

दात्याचे नाव त्यात जरूर असावे. ज्याने दिले त्याचे नाव घेणे ही आपली रीतच आहे. पण कोनशिला भिंतीला असते, वर्गाच्या मध्यभागी नसते, एवढे भान पडद्यानेही ठेवावे. आणि उद्या आपल्या मुलांच्या शाळेत कुणी कॅमेरा घेऊन आले, तर पालकांनी संकोच न करता दोनच गोष्टी विचाराव्यात: फीत आम्हाला आधी दाखवाल का, आणि तीन वर्षांनी पुन्हा याल का?