पैसे न लावता पत्ते

ख्रिस्ती धर्मात पत्ते आणि फासे निषिद्धच, असा समज बराच पसरलेला आहे. बायबलमध्ये तशी आज्ञा नाही. पैसे न लावताही हे खेळ नकोत, असं म्हणणाऱ्यांत ठळक होते ते इंग्लंडमधले प्युरिटन (आचारशुद्धीचा कडक आग्रह धरणारे प्रॉटेस्टंट). चिठ्ठीचा कौल परमेश्वराकडून येतो, असं नीतिसूत्रे १६:३३ सांगतं; मग करमणुकीसाठी फासा टाकणं म्हणजे देवाला उगाच तसदी देणं, असा त्यांच्यातल्या अनेकांचा युक्तिवाद. तर्क अगदीच पोकळ नव्हता. पण थॉमस गॅटेकर या इंग्रज धर्मोपदेशकाने १६१९ मध्ये पुस्तक लिहून तो खोडला: खेळातला फासा देवाला काही विचारतच नाही. क्रिकेटमधली नाणेफेकही आधी फलंदाजी की गोलंदाजी हे कोणी निवडायचं एवढंच ठरवते.

कॅथलिक चर्च तर पैजेलाही मुळात अन्याय मानत नाही. स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, की ती गैर ठरते.

अमेरिकेत १९०६ मध्ये राजा-राणी-गुलाम नसलेले ‘रूक’ पत्ते निघाले. नेहमीचे पत्ते वर्ज्य असलेल्या भाविक घरांतही ते खेळले गेले. तिथे अडचण खेळाची कमी, चित्रांची आणि जुगाराच्या आठवणीची जास्त होती.