कोपऱ्याकोपऱ्याची रेंज

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात 'रेंज आहे का' असं नुसतं विचारून भागत नाही. घरात कुठे आहे, ते विचारावं लागतं. गाव वेण्णा नदीच्या खोऱ्यात, केळघरकडे सरकावं तसे डोंगर अंगावर येतात आणि टॉवर व फोन यांच्यामध्ये एखादी सोंड आडवी पडतेच. या जावळी तालुक्यातली कितीतरी घरं माथाडी कामगारांची, कर्ता माणूस मुंबईला किंवा नवी मुंबईला. त्यामुळे फोन लावल्यावाचून सुटका नाही. जुन्या दगडी घराच्या माजघरात आवाज तुटतो, ओसरीच्या खांबापाशी स्वच्छ येतो, हे घरातल्या म्हातारीलाही पाठ असतं.

हीच माहिती उलटी फिरवली तर? रेंज किती ते कळलं, की माणूस कोणत्या कोपऱ्यात उभा आहे ते ओळखायचं. गेली पंचवीस वर्षं संगणकवाले याच प्रश्नामागे आहेत, आणि त्याची गोष्ट दिसते तितकी सरळ नाही.

2000 साल या बाबतीत मोठं गमतीचं. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि उघड्यावरचं ठिकाण एकदम नेमकं कळू लागलं. पण वीस हजार किलोमीटरवरून येणारी ती क्षीण लहर स्लॅबखाली आली की संपलीच. त्याआधी जेमतेम महिनाभर, मार्चमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी 'रडार' नावाची पद्धत एका परिषदेत मांडली होती. उपग्रह नको; इमारतीत वायफायची जी केंद्रं आहेत, त्यांच्याच सिग्नलचा जोर मोजायचा.

पहिला विचार कुणालाही सुचेल असा: अंतर वाढलं की जोर घटतो, तेव्हा जोरावरून अंतर काढा. माळावर हे ठीक. तिथे अंतर दुप्पट झालं की जोर चौथाईवर येतो, हिशेब चोख. घरात मात्र भिंत सिग्नल खाते, लोखंडी कपाट तो परतवतो, आणि मधूनच कुणी चालत गेलं तरी आकडा हलतो. म्हणून त्यांनी दुसरा मार्गही चाचपून पाहिला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली खरी अक्कल तिथेच आहे. 43.5 मीटर लांब आणि 22.5 मीटर रुंद असा एक मजला, त्यावर पन्नासहून जास्त खोल्या आणि तीन केंद्रं. मजल्यावर 70 जागा ठरवल्या. प्रत्येक जागी लॅपटॉप घेऊन उभं राहायचं, तिन्ही केंद्रांचा जोर टिपायचा. तोही चारही दिशांना तोंड करून, दर वेळी निदान वीस नोंदी. चार दिशा कशासाठी? माणसाच्या अंगातलं पाणी ही लहर शोषून घेतं; केंद्राकडे पाठ केली की आपणच आपल्या लॅपटॉपच्या आड येतो. या नोंदवहीशी ताजा आकडा ताडून पाहिला, तेव्हा निम्म्या वेळा चूक तीन मीटरच्या आत राहिली. भिंती मोजून सूत्राने काढलं तर तोच आकडा 4.3 मीटर. ज्या भिंतींनी सूत्राचा घोळ केला, त्यांच्यामुळेच प्रत्येक कोपऱ्याची खूण वेगळी उमटली होती.

खोट एकच होती, पण जबर: नोंदवही भरायची कुणी? कपाट हलवलं, राउटर बदलला, की पुन्हा पहिल्यापासून. पुढची दहाबारा वर्षं या विषयातली बरीच डोकी ही पायपीट वाचवण्यात खर्ची पडली. रस्त्यांपुरता प्रश्न स्कायहूक या अमेरिकन कंपनीने गाड्या फिरवून सोडवला. पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतंच. जानेवारी 2008 पासून त्याला नकाशावर जागा सापडू लागली, ती या नोंदींच्याही मदतीने. आपल्याकडे वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी परवान्यातून मोकळी झाली ती जानेवारी 2005 मध्ये, म्हणजे तिकडे नोंदवह्या भरल्या जात होत्या तेव्हा इकडे राउटर येऊ लागले.

घरातल्या पायपिटीवरचा एक चांगला तोडगा मात्र बंगळुरातून आला. पद्मनाभन तोवर मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या प्रयोगशाळेत आले होते. 2012 साली त्यांच्या गटाने 'झी' मांडली. आयआयटी मुंबईत पीएच.डी. करणाऱ्या रिजुरेखा सेनही त्यात होत्या. मुद्दाम कुणी मोजत हिंडायचं नाही. लोक आपापल्या कामाने चालतात, खिशातला फोन पावलं आणि वळणं मोजतो. माणूस भिंतीतून जाऊ शकत नाही, एवढं एकच सत्य धरून नकाशावरच्या अशक्य वाटा खोडत जायच्या. उरते ती खरी वाट, आणि तिच्यावर जोराच्या नोंदी आपोआप बसतात. भिंत पुन्हा कामाला आली!

हे सगळं घडत असताना आपल्याला कळलं ते निराळ्याच रूपात. 2015 च्या अँड्रॉइडपासून आसपासच्या वायफायची यादी वाचायची तरी ॲपला 'लोकेशन'ची परवानगी मागावी लागू लागली. लोक वैतागले, पण मागणी रास्त होती: ती यादी म्हणजेच पत्ता. मग कोविडच्या साथीत, 2 एप्रिल 2020 ला, आरोग्य सेतू हे सरकारी ॲप आलं आणि ब्लूटूथच्या जोरावरून कोण किती जवळ आलं होतं, याचा अंदाज देशभर बांधला जाऊ लागला. इथे नोंदवही नव्हती. होतं ते जुनं, घरात फसलेलं सूत्र. पातळ विटेच्या भिंतीपलीकडचा शेजारी 'जवळ' दिसायचा, आणि मागच्या खिशात फोन ठेवून समोर बसलेला पाहुणा 'लांब'. सरकारी जाहिरातीत ही अडचण कुठून येणार?

आता ओढा जोराकडून वेळेकडे आहे. लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. एका नॅनोसेकंदात ती 30 सेंटिमीटर जाते, भिंतीने ती क्षीण केली तरी वेळेत मोठा फरक पडत नाही. 2018 च्या अँड्रॉइडमध्ये ही सोय आली. पण राउटरही तसा लागतो, आणि घरोघरी बसवलेले स्वस्तातले राउटर बहुधा तसे नसतात. मेढ्याच्या बाजारपेठेत चार दुकानांचे राउटर एकमेकांच्या आसपास आहेत, तिथे जुन्या पद्धतीनेही नकाशावरचा निळा ठिपका बऱ्यापैकी जागेवर बसतो. बामणोलीच्या अंगाला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या एखाद्या वाडीत, जिथे राउटर एकच किंवा तोही नाही, तिथे ताडून पाहायला दुसरं काही नसतं. स्लॅबच्या घरात जीपीएसही थकलं की फोन टॉवरवर विसंबतो आणि घराच्या जागी काही किलोमीटरांचं वर्तुळ दाखवतो.