फुलंब्रीकर, कृष्णराव गणेश
(२० जानेवारी १८९८–२० ऑक्टोबर १९७४). महाराष्ट्रातील श्रेष्ठ गायक, संगीतरचनाकार व संगीतशिक्षक. ‘मास्टर कृष्णराव’ या नावाने ते सर्वत्र परिचित होते. ख्यालगायन ही मूलतः एकट्या गायकाची कला. तिच्या परंपरेत तयार झालेल्या कृष्णरावांनी सामान्य जनसमूहाला एकत्र गाता येतील अशा स्वररचना केल्या, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

जन्म व शिक्षण : त्यांचा जन्म आळंदी (जि. पुणे) येथे झाला. आवाजाच्या उपजत देणगीमुळे लहान वयातच त्यांचा नाटक मंडळीत प्रवेश झाला व बालनट म्हणून ते लोकप्रिय झाले. या काळात सवाई गंधर्वांकडून त्यांना गायनाचे प्रारंभिक धडे मिळाले. पुढे १९११ च्या सुमारास त्यांनी भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे शिष्यत्व पत्करले. भास्करबुवांनी फैज महंमदखाँ, नथ्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्याकडून अनुक्रमे ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या गायकींची तालीम घेतलेली होती. त्यामुळे तिन्ही गायकींचे संस्कार कृष्णरावांना एकाच गुरूपाशी लाभले. तत्कालीन गुरुकुल पद्धतीत लेखी पाठ नसत. मैफलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसावे, त्यांच्या स्वरात स्वर मिळवावा आणि त्यांनी सोडलेली जागा अचूक भरावी, अशा रीतीने विद्या आत्मसात करावी लागे. भास्करबुवांच्या निधनापर्यंत म्हणजे सु. अकरा वर्षे कृष्णरावांना हा सहवास मिळाला.

नाट्य व चित्रपट संगीत : भास्करबुवा हे गंधर्व नाटक मंडळीचे संगीतगुरू होते. त्यांच्या पश्चात नाटकांना चाली देण्याची जबाबदारी कृष्णरावांकडे आली. मंडळीत त्यांनी भूमिकाही केल्या. ‘कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकासाठी त्यांनी अभंगांना दिलेल्या चाली विशेष लोकप्रिय ठरल्या. नाट्यनिकेतनच्या ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकाचे संगीतही त्यांचेच. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) इ. चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. त्यांपैकी ‘गोपालकृष्ण’ व ‘शेजारी’ या चित्रपटांतील समूहगीतांत त्यांच्या रचनापद्धतीचा एक नवा विशेष प्रकट झाला.

समूहगानाच्या रचना : यूरोपीय वृंदगायनात निरनिराळे आवाज भिन्न सुरावटी एकाच वेळी गातात व त्यांतून स्वरसंवाद साधला जातो. जर्मनीतील प्रॉटेस्टंट प्रार्थनागीतांतून या कलेचा मोठा विकास झाला. भारतीय संगीत मुख्यतः एका सुरावटीवर आधारलेले असल्याने येथे सर्व गायक सामान्यतः तीच सुरावट गातात. तथापि रागसंगीतातील आलाप, मींड व मुरकी यांचा सूक्ष्म आविष्कार शेकडो कंठांतून एकसारखा उमटणे शक्य नसते. सामुदायिक रचनेचा स्वरविस्तार बेताचा, लय निश्चित आणि स्वरवाक्ये लहान असावी लागतात. मात्र तसे करताना रागाचे रूप व शब्दांचा भाव हरपण्याचा धोका संभवतो. हा तोल सांभाळण्याचे सामर्थ्य कृष्णरावांच्या ठायी होते.

‘वंदे मातरम्’ या गीताच्या संदर्भात त्याची कसोटी लागली. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर राष्ट्रगीताचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा या गीताची चाल संथ असून ती वाद्यवृंदावर वाजविण्यास व समूहाने गाण्यास अनुकूल नाही, असा आक्षेप प्रामुख्याने घेतला गेला. संविधान सभेत २५ ऑगस्ट १९४८ रोजी केलेल्या निवेदनात पंडित जवाहरलाल नेहरूंनी ‘जन गण मन’च्या चालीची वाद्यवृंदासाठी असलेली अनुकूलता आवर्जून सांगितली होती. कृष्णरावांनी या आक्षेपाचे उत्तर वादविवादाने न देता स्वररचनेने दिले. झिंझोटी रागावर आधारलेली सुटसुटीत चाल त्यांनी सिद्ध केली, बँडवर वाजविता येईल असे तिचे स्वरलेखन करविले आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर तिचे प्रात्यक्षिक सादर केले. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले व ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान देण्यात आला. कृष्णरावांची मूळ अपेक्षा सफल झाली नाही; परंतु हे गीत समूहाला गाता येते, हे त्यांच्या प्रयत्नाने सिद्ध झाले.

याच प्रकारचे त्यांचे दुसरे महत्त्वाचे कार्य म्हणजे बुद्धवंदनेची स्वररचना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार १९५६ मध्ये त्यांनी पाली भाषेतील वंदनेला चाल दिली व तिची ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. नव्या उपासनेसाठी लक्षावधी लोकांना एक सामुदायिक पठण हवे होते आणि त्यांतील बहुतेकांनी संगीताचे शिक्षण घेतलेले नव्हते. अशा उपासकांना सहज म्हणता येईल, ही या रचनेमागील मुख्य दृष्टी होती.

अध्यापन व ग्रंथरचना : भास्करबुवांनी १९११ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत गायन समाजाची धुरा कृष्णरावांनी अनेक वर्षे वाहिली. स्वतः गुरुमुखातून विद्या मिळविलेली असूनही ती सर्वांना उपलब्ध व्हावी, या हेतूने त्यांनी बंदिशींचे स्वरलेखन केले व ‘रागसंग्रह’ या नावाने त्यांचे सात भाग प्रसिद्ध केले. राम मराठे, सरस्वती राणे, योगिनी जोगळेकर इत्यादींना त्यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांची मैफल प्रसन्न, चपळ व अनपेक्षित स्वरसंगतींनी नटलेली असे.

भारत सरकारने पद्मभूषण (१९७१) हा किताब व संगीत नाटक अकादमीने अधिछात्रवृत्ती (१९७२) देऊन त्यांचा गौरव केला. पुणे येथे त्यांचे निधन झाले.